रंग अदमासे

गुलनार पाटक म्हणाल्या, मला मूळ रंग हवा.
सदतीस सालचा. बिल्डिंग उभी राहिली तेव्हाचा.
हो म्हटलं. माझं पोटच त्यावर चालतं.
हातात स्काल्पेल, कानामागे बोरू, डोळ्याला भिंग,
दादरच्या पारशी कॉलनीत दुसरा मजला,
गोल वळलेली बाल्कनी,
बागेच्या कडेला एखादी आगबोट
नांगरून कुणी विसरून गेल्यासारखी.

दाराच्या जाळीत लोखंडी सूर्य, अर्धाच उगवलेला.
नऊ किरण. दहावा कापलाय
एसीचा पाइप जावा म्हणून.

भिंतीत उतरायचं ते असं:
इंचभर चौकोन, त्याच्या पोटात जरा लहान,
त्याच्या पोटात आणखी लहान, बारवेच्या पायऱ्यांसारखं.
घाई केली की
दोन दशकं एकदम हातात येतात.

वर पीच. प्लास्टिक पेंट.
एका मोठ्या खिळ्याचं भोक, त्यावर धावते घोडे होते म्हणे,
पूर्वेकडे तोंड करून, धंदा वाढावा म्हणून.
त्याखाली पिस्ता, ऑइलचा, दवाखान्यासारखा चकचकीत.
हा डॅडींचा, त्या म्हणाल्या,
टायफॉइडनंतर त्यांना धुता येणारीच भिंत हवी होती.
त्याखाली निळं डिस्टेंपर.
बोटाला लागलं तशी मी बोट पुढे केलं.
त्यांनी ते नुसतं पाहिलं नाही,
माझं बोट धरून आपल्या बाहीला पुसलं.
शाळेचा फ्रॉक, म्हणाल्या. पाठीला रोज हाच डाग.
मग स्वयंपाकघरात गेल्या, आणि बराच वेळ
तिथून भांड्याचाही आवाज नाही.

मी साइडबोर्डाकडे बघत बसले.
ब्लॅकवुड. पाय वाघाचे, गुलाब विलायती,
मधोमध चिनी ड्रॅगन.
पण सुतारानं ड्रॅगन कुठे पाहिला असणार?
घोरपड पाहिली होती.
म्हणून तो असा पोट टेकून, दगडाला चिकटल्यासारखा,
आणि जीभ तेवढी बाहेर.
खाली लादीवर इजिप्तची कमळं, सिमेंटची,
मोरीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन
अर्ध्या पाकळीत थांबलेली. लादी संपली असेल.

निळ्याखाली चांदी लागली.
स्टेन्सिलची किनार, नागमोडी, चॉकलेटी आणि रुपेरी,
छताखालून हातभर.
मी श्वास आवरला, मूळ ते हेच,
आणि सवयीनं एक पायरी आणखी उतरले.

चुन्यावर शिसपेन्सिल.
जयराम दिवस ४. भिवा दिवस ४॥. भिवाची उचल वजा.
पुढे कुंचल्याचे फटकारे, ओळीनं, बोटभर रुंद:
गुलाबी, राखी, शेवाळी, पुन्हा गुलाबी.
प्रत्येकाखाली फुली. बाईंना नापसंत. बाईंना नापसंत.
शेवटी चॉकलेटी. फुली नाही.
आणि त्याखाली, वळणदार अक्षरात,
साहेबांच्या मासिकातल्या पानाप्रमाणे.
चित्र बिनरंगी आहे. रंग अदमासे.

दोनदा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं,
गुलनारबाई चहा घेऊन आल्या होत्या म्हणून.
कुठल्याशा शहरातला दिवाणखाना,
काळ्यापांढऱ्या शाईत आगबोटीनं इथवर आलेला,
आणि भिवा शिडीवर, कागद दातात धरून,
ठरवतोय, तिकडे संध्याकाळी भिंत कशी दिसत असेल.

त्या हसायला लागल्या, बशीत चहा सांडेपर्यंत.
मग म्हणाल्या, निळा मिळेल का गं? बोटाला लागणारा?
मी म्हटलं, तसा आता कोणी करत नाही.
रिपोर्टात मूळ रंगाची चौकट आहे, ती भरायची राहिली.

खाली फाटकापाशी इलियास
सागवानाच्या नव्याकोऱ्या खुर्चीला
चहाचं पाणी पाजतोय, चिंध्या बुडवून बुडवून.
सेट पूर्ण करायचाय, पाच जुन्या, एक हरवलेली.
मान वर करून ओरडतो,
मॅडम, किती जुनी करू?